वंशावळीबाहेरचे पूर्वज : दुष्काळ, नोंदवही आणि स्मरणाची नीती

१

पूर्वजांचा शोध घेणारा माणूस भूतकाळाकडे पाहत आहे असे वरवर वाटते. वस्तुतः त्याची नजर वर्तमानावर असते. कोणता पूर्वज शोधायचा, कोणत्या दप्तरात शोधायचा आणि तो सापडल्यावर त्याचे काय करायचे, हे तिन्ही निर्णय शोधणाऱ्याच्या आजच्या गरजेतून ठरतात. मराठीतील वंशावळ या लेखनप्रकाराचे स्वरूप पाहिले तरी हे स्पष्ट होते. वंशावळी बव्हंशी वतनाच्या वादांतून लिहिल्या गेल्या. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांवरील हक्क शाबीत करायचा असे तेव्हा गोत बसे, महजर होई आणि वादी-प्रतिवादी आपापल्या करीन्यात पिढ्यांचा क्रम सांगत. ज्याला सिद्ध करण्याजोगा हक्कच नव्हता त्याला वंशावळ लिहून ठेवण्याचे कारणही नव्हते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही तीर्थापर्यंत पोहोचण्याइतपत ऐपत असलेल्यांच्याच पिढ्या सापडतात. तात्पर्य, वंशावळ हा स्मृतीचा सहजोद्गार नाही. तो एक दावा आहे, आणि दाव्याला निरुपयोगी असणारी माणसे त्यातून गळणे हे त्याच्या रचनेतच अनुस्यूत आहे.

हिंगोली जिल्ह्यात या जुन्या व्यवहाराला अलीकडे नवे रूप आले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्या मोजक्या जाणकारांना एकाएकी महत्त्व आले. जमाबंदीची कागदपत्रे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेची जुनी रजिस्टरे यांतून पणजोबा-खापरपणजोबांची नावे हुडकली जाऊ लागली. २ सप्टेंबर २०२५च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे या शोधाला आणखी एक वाट करून दिली. या मागणीच्या न्याय्यतेचा विचार हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नाही. येथे लक्ष वेधायचे आहे ते एका वाङ्मयीन म्हणता येईल अशा वस्तुस्थितीकडे : एका संपूर्ण प्रदेशाने आपल्या पूर्वजांना नोंदवहीत शोधले, आणि शोधले ते जमीन कसणारे, सारा भरणारे, जातीच्या रकान्यात स्पष्ट उमटलेले पूर्वज. त्याच प्रदेशात १८७६-७८ आणि १८९९-१९०० या काळात जे गाव सोडून मदतकामावर किंवा गरीबखान्यात गेले, त्यांना कोणी शोधले नाही. त्यांच्या नोंदीतून काही सिद्ध होत नाही.

यातून उद्भवणारा प्रश्न नैतिक आहे. ज्या पूर्वजापासून वारसाला काहीच मिळायचे नाही, उलट ज्याच्या आठवणीला लाचारीचा स्पर्श आहे, त्याच्याविषयी वारसाचे कर्तव्य कोणते? आणि ज्याने स्वतःची लाचारी लपवली, त्याची ती लपवणूक मोडण्याचा अधिकार वारसाला असतो काय?

२

या प्रश्नाचा एक आराखडा इंग्लंडमधील वर्कहाउसच्या इतिहासात तयार मिळतो. १८३४च्या सुधारित गरीब कायद्याने तेथील निराधारांना मदत हवी असल्यास वर्कहाउसमध्ये दाखल होणे भाग पाडले. या व्यवस्थेमागचे तत्त्व उघड होते : मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीपेक्षाही कमी प्रतीची राहिली पाहिजे. म्हणून दाराशीच नवरा, बायको आणि मुले यांची ताटातूट होई. अंगावर संस्थेचा गणवेश चढे. मोजून अन्न आणि नेमून दिलेले काम मिळे. ॲन्डोव्हर येथील वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटणारे लोक त्या हाडांना चिकटलेले कुजके मांस व मगज खात होते, हे १८४५ साली उघडकीस आले. १८३२च्या शरीररचनाविषयक कायद्याने तेथे मेलेल्या आणि नातेवाइकांनी न नेलेल्या देहांची शवविच्छेदनासाठी रवानगी करण्याची मुभा आधीच दिलेली होती. बेवारस असणे हा तेथे केवळ भावनिक प्रश्न नव्हता. वारसाने दावा सांगितला नाही तर मृतदेहाचे काय होईल हे कायद्याने ठरवून ठेवले होते.

आणि तरीही या संस्थेने आपल्या रहिवाशांना नावे ठेवू दिली. दाखल व मुक्त झालेल्यांच्या वह्यांत नाव, व्यवसाय, धर्मपंथ, जन्मवर्ष, आहाराचा वर्ग, मूळ परगणा, मदत मागण्याचे कारण असे रकाने असत. वर्कहाउसची व्यवस्था १९३० साली औपचारिकरीत्या संपली. तिच्या वह्या मात्र अभिलेखागारांत उरल्या आणि आज अनेक इंग्रज कुटुंबे त्यांत आपल्या पणजीचे नाव शोधतात. या शोधात एक विसंगती आहे. कुटुंबाने जे विसरायचे ठरवले ते अपमान करणाऱ्या संस्थेने जपून ठेवले. शासनालाही या कलंकाची जाणीव होती. १९०४पासून वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर संस्थेचे नाव न घालता रस्त्याचा साधा पत्ता घालावा अशी सूचना निबंधकांना मिळाली होती. म्हणजे कलंक लावणाऱ्यानेच तो झाकण्याची सोयही केली. मिशेल फूको यांनी १९७७च्या एका निबंधात अशा जीवनांचे मर्म सांगितले आहे : सत्तेशी त्यांची क्षणभर गाठ पडली नसती तर त्यांच्याविषयी एक शब्दही उरला नसता, आणि जो शब्द उरला तो सत्तेचा आहे, त्यांचा नव्हे. वारस नोंदवहीपाशी जातो तेव्हा त्याची भेट पणजीशी होत नाही. पणजीला रकान्यात बसवणाऱ्या कारकुनाशी होते.

३

हिंदुस्थानात या व्यवस्थेचे रूप वेगळे होते, परंतु तत्त्व तेच आले. 'वर्कहाउस' हा शब्द येथे कायद्याने वापरला गेला तो भटक्या युरोपियनांसाठी. १८७४च्या युरोपियन भटक्यांविषयीच्या कायद्यान्वये निराधार गोऱ्यांना, राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला बाधा येऊ नये म्हणून, दृष्टीआड ठेवले जाई. एतद्देशीयांसाठी होती दुष्काळापुरती मदत. १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक रतल धान्याच्या हिशेबाभोवती बेतली; पुणे सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध आवाज उठवला. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८०च्या अहवालात एक भीती स्पष्टपणे बोलून दाखवली : दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे असे मानले, तर उद्या तो सर्वकाळचा हक्क मानावा लागेल. म्हणून मदत द्यायची, परंतु ती हक्क म्हणून मागता येऊ नये अशा बेताने द्यायची. या अहवालानंतर १८८३पासून जी दुष्काळसंहिता आकाराला आली तिच्यात धडधाकटांसाठी खडी फोडण्याची, तलाव-रस्त्यांची कामे होती. आणि काम करण्याच्या पलीकडे गेलेल्यांसाठी, भटकणाऱ्यांसाठी, भिक्षेकऱ्यांसाठी पुअरहाउस. उर्दूत अशा घराला मोहताजखाना म्हणतात. मोहताज म्हणजे दुसऱ्यावाचून ज्याचे चालत नाही तो. संस्थेचे नावच रहिवाशाचे वर्णन करून मोकळे होते.

निजामाच्या संस्थानातही १८९९-१९००च्या दुष्काळात मदतकामे आणि गरीबखाने उघडावे लागले. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ साली ती सुमारे १ कोटी ११ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायला हवी होती ती संख्या घटली. त्या घटीत किती मृत्यू, किती स्थलांतरे आणि किती न झालेले जन्म आहेत हे आकडा सांगत नाही. तत्कालीन दुष्काळी अहवालांच्या भाषेचा विशेष हाच आहे. त्यांत माणसे मोजली जातात. आज अमुक हजार कामावर, तमुक हजार गरीबखान्यात, अशी. त्या भाषेत माणूस हे मदतीचे एकक आहे. वसमत, कळमनुरी किंवा औंढ्याच्या परिसरातून निघालेल्या एखाद्या बाईचा माग काढू पाहणारा वारस अखेर या एककापाशी येऊन थांबतो.

येथे इंग्रज वारस आणि हिंगोलीचा वारस यांच्या वाटा फुटतात. पहिल्याला नाव सापडते आणि त्याच्यापुढे ते उघड करावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याला संख्या सापडते. त्या संख्येत आपले माणूस आहे की नाही हेही त्याला ठरवता येत नाही. म्हणून त्याचा नैतिक प्रश्न अधिक अवघड आहे, आणि अधिक मूलगामीही.

४

हे मौन केवळ दप्तराने निर्माण केलेले नाही. घरानेही ते पाळले. परक्याच्या हातचे शिजवलेले अन्न खाणे म्हणजे जात गमावणे, ही धास्ती भुकेपेक्षा लहान नव्हती. ओरिसातील १८६६च्या दुष्काळात अन्नछत्रांतून जेवलेल्या अनेकांना त्यांच्या जातींनी परत घेतले नाही. त्यांची 'छत्रखिया' अशी वेगळीच जात पडली. ज्या अन्नाने जीव वाचवला त्याच अन्नाच्या नावाने पुढच्या पिढ्या ओळखल्या जाव्यात, यापेक्षा कठोर वंशावळ दुसरी कोणती असेल? हे चित्र डोळ्यांपुढे असता, मराठवाड्यात जो कोणी गरीबखान्यातून जिवंत परतला त्याने त्या दिवसांविषयी तोंड उघडले नसेल तर ते समजण्यासारखे आहे. त्याचे मौन हा विसर नव्हता. मुलांची लग्ने व्हावीत, पंगतीत पान मांडले जावे, विहिरीवरचा वावर तुटू नये, यासाठी केलेली ती कृती होती. पूर्वजाने केलेल्या थोड्या स्वतंत्र कृतींपैकी ती एक असण्याची शक्यता आहे.

मग वारसाने ती मोडावी काय? एका पक्षाचे उत्तर ठाम आहे : लाज ही मुळात त्या माणसाची नव्हती. जी व्यवस्था धान्याची कोठारे भरलेली असताना माणसाला खडी फोडायला लावून रतलभर धान्य मोजते, आणि जी जात भुकेल्याला जेवल्याबद्दल बाहेर टाकते, त्या दोघींची ती लाज आहे. वारसाने बोलून ती मूळ मालकांकडे परत पाठवली पाहिजे. मौन पाळणे म्हणजे अन्यायाच्या बाजूने साक्ष देणे. दुसरा पक्ष म्हणतो की मृताला आपली बाजू मांडता येत नाही. ज्याने आयुष्यभर एक गोष्ट झाकली त्याच्या मरणानंतर ती उघडी करणे म्हणजे गरीबखान्याच्या दारावरची झडती पुन्हा एकदा घेणे होय. कारकुनाच्या जागी नातू आला, एवढाच फरक.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोहोंनीही एक गोष्ट नजरेआड केली आहे : उघड करण्याची किंमत कोण मोजतो? आपल्या आत्मकथनांची परंपरा या ठिकाणी सूक्ष्म मार्गदर्शन करते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या कृतींनी आई-बापांची भूक, भिक्षा, चोरी, शरीराची विटंबना हे सारे नावानिशी मांडले. त्यांना बाहेरून दाद मिळाली. परंतु घरचे झाकलेले चव्हाट्यावर का आणले, हा आपल्याच माणसांचा प्रश्नही यांपैकी काहींच्या वाट्याला आला. 'बलुतं'चा निवेदक दगडू आणि दया अशा दोन नावांत विभागलेला आहे हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो, यांच्यातील अंतर तेथे लपवलेले नाही. ते कथनाची रचनाच होऊन बसले आहे. या लेखकांनी पूर्वजांची लाज उघड केली ती त्या लाजेचे चटके स्वतः सोसत असताना. त्यांचे उघड करणे हा ज्ञानाचा व्यवहार नव्हता, जोखमीचा होता.

शतकापूर्वीच्या दुष्काळातल्या खापरपणजीविषयी आज बोलणाऱ्याला अशी कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. उलट, दारिद्र्यातून वर आलेल्या कुळाची कथा म्हणून ती प्रतिष्ठा मिळवून देण्याचाही संभव आहे. एके काळी जी नोंद कलंक होती ती आज अलंकार होऊ शकते. म्हणून पूर्वजाच्या दैन्याचे कथन नैतिक ठरते की नाही, याची कसोटी त्याच्या सत्यतेत नाही, सांगणाऱ्याने त्या कथनातून स्वतःसाठी काय घेतले यात आहे. वतनासाठी लिहिलेली वंशावळ आणि अभिमानासाठी सांगितलेली दैन्याची कथा यांत या कसोटीवर फारसे अंतर राहत नाही. दोन्हींत मृत माणूस साधन झालेला असतो.

५

यावर आक्षेप घेता येईल की, इतकी कडक कसोटी लावली तर कोणीच बोलणार नाही आणि विस्मरणाचाच जय होईल. आक्षेप रास्त आहे. परंतु तो एका गृहीतकावर उभा आहे : स्मरण म्हणजे 'आपल्या' माणसाचे स्मरण, आणि ते करण्याचा अधिकार रक्ताच्या नात्यातून येतो. हे गृहीतकच तपासले पाहिजे. रक्ताचे नाते समजुतीची हमी देत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८च्या आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या अखेरीस १९२६ साली कलकत्त्यात आत्महत्या केलेल्या भुवनेश्वरी भादुरी या तरुणीचा दाखला दिला आहे. आपल्या मरणाचा चुकीचा अर्थ लावला जाऊ नये याची तिने देहाच्या भाषेत तजवीज केली होती. तरीही पुढे तिच्याच नात्यातल्या स्त्रियांनी तो चुकीचाच अर्थ लावला. घर हे दप्तरापेक्षा अधिक विश्वासार्ह वाचक असते असे नाही.

उलट, जेथे रक्ताचे नाते नव्हते तेथे वाचन अधिक खरे झाल्याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथील गरीबखाने त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तेथे मुलींची कशी दुर्दशा होते ते १८९७ साली लिहून प्रसिद्ध केले. ज्या मुलींना त्यांनी सोबत आणले, ज्यांच्यासाठी पुढे केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, त्यांपैकी कोणी त्यांच्या वंशातील नव्हती. ते नाते भुकेच्या अनुभवाचे होते. पुढे केडगावच्या कार्यातील धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, गरीबखान्यातील माणसाला 'एकक' न मानता पाहिले गेले ते या नात्यातून.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि नामदेवांच्या घराची जी कथा वारकरी परंपरेने जपली तिच्यात गंगाखेडहून आलेली, आई-बापाविना वाढलेली जनी आहे. वंशावळीच्या नियमाने तिला त्या घरात स्थान नाही. ती दासी आहे. परंतु परंपरेने नामदेवांच्या घरची माणसे मोजली तेव्हा तिला वगळले नाही. तिचे नाव तर नामदेवांच्या नावाला कायमचे जोडले गेले. या भूमीने वंशापेक्षा मोठी अशी 'घर' ही कल्पना पूर्वीच घडवलेली आहे. तीत सामावले जाण्यासाठी पिढ्या सिद्ध कराव्या लागत नाहीत.

श्राद्धविधीतही या कल्पनेला जागा आहे. नावे घेऊन स्मरण करायचे ते तीन पिढ्यांचे : पिता, पितामह, प्रपितामह. त्यापलीकडील, ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. १८९९-१९००चे मृत आता बहुतेक घरांत त्या तीन पिढ्यांच्या पलीकडे गेले आहेत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या रचनेत एक शहाणपण आहे. ती नाव नसलेल्याला वगळत नाही आणि त्याला खोटे नावही देत नाही.

हिंगोलीच्या वारसाची अडचण येथे त्याच्या नीतीचा आधार होऊ शकते. संख्येतून आपले माणूस वेगळे काढता येत नाही, याचाच अर्थ त्या रांगेतील कोणीही आपले असू शकते. आपली खापरपणजी नावानिशी सापडली असती तर तिच्या मागे उभी असलेली, जिच्या वंशात कोणी उरलेच नाही अशी बाई पुन्हा अनामच राहिली असती. मुळात ज्यांची सारी माणसे त्या वर्षी मेली त्यांना वारस नाहीत. वंशाच्या वाटेने त्यांच्यापर्यंत कोणी कधीच पोहोचणार नाही. फक्त आपल्याच पूर्वजाला रांगेतून बाहेर काढणे म्हणजे पात्र आणि अपात्र अशी निवड करणाऱ्या कारकुनाचे काम आपल्या हाती घेणे होय. अनामिकता हा त्या माणसांवर झालेला अन्यायच आहे. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु त्या अन्यायाची भरपाई एका नावाने होत नाही, आणि असा शोध एका कुटुंबाचा राहू शकत नाही.

६

मग अशा स्मरणाला आकार कोणता? त्याचे एक रूप लोकांच्या व्यवहारात दिसते. १९७२च्या दुष्काळाविषयी मराठवाड्यातील म्हातारी माणसे मोकळेपणाने बोलतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी गिळल्या, हे सांगताना त्यांना संकोच वाटत नाही. १९००च्या आणि १९७२च्या रांगांत भूक थोडीफार सारखी असेल. लाज मात्र सारखी नव्हती. याचे एक कारण असे की दुसऱ्या वेळी सारे गावच कामावर होते आणि कामावर जाणे ही मेहेरबानी नसून मागणी होती. त्या मागणीतूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९पासून महाराष्ट्रात अमलात आला. २००५मध्ये देशपातळीवरही तसा कायदा झाला. १८८०च्या आयोगाला ज्याची धास्ती वाटली होती तेच घडले : मदत हा हक्क झाला. मस्टरवर नाव लागणे आणि गरीबखान्याच्या आकड्यात मोजले जाणे, या दोन नोंदींत जो फरक आहे तो लाजेच्या जागी हक्क येण्याचा आहे.

या दृष्टीने पाहता, गरीबखान्यात गेलेल्या पूर्वजाचे ऋण त्याचे नाव शोधून फिटत नाही. त्याला जे मागता आले नाही ते मागण्याची भाषा जिवंत ठेवणे, ती भाषा जेथे पुन्हा दयेच्या शब्दांत बदलू लागेल तेथे ते ओळखणे, हे त्या ऋणाचे स्वरूप आहे. ही जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकावर विशेषत्वाने येते, कारण मोहताज, मदत, पात्र, लाभार्थी या शब्दांचा प्रवास तपासणे हे त्याचेच काम आहे. हक्काचा धनी 'लाभार्थी' म्हणून ओळखला जाऊ लागतो तेव्हा एका शब्दाआड जुना मोहताजखानाच उभा राहतो. निजामकालीन दप्तरांत पणजोबाचे नाव शोधणाऱ्याने ते अवश्य शोधावे. त्याला त्याची गरज आहे. परंतु त्याच दप्तराच्या पुढच्या पानावर ज्यांची फक्त बेरीज आहे तेही त्याचेच पूर्वज आहेत, आणि त्यांच्याकडून त्याला काहीही मिळायचे नाही म्हणूनच त्यांचे स्मरण निखळ असण्याची शक्यता आहे.